इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि ‘आटणारे’ लिटर

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत एका जागरूक नागरिकाने अलीकडेच अशी शंका मांडली होती की, पाण्यात अल्कोहोल मिसळल्यावर मिश्रणाचे आकारमान जसे घटते, तसेच ते पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल (हेही अल्कोहोलच) मिसळल्यावरही घटत असले पाहिजे आणि ही तूट, त्यांच्या अंदाजाने लिटरमागे 30 मिलिलिटर, ग्राहकाच्या माथी मारली जात असावी. शाळेत शिकलेली गोष्ट पंपावर उभे असताना आठवणारा वाचक मला मोलाचा वाटतो. पण त्यांचा तर्क दोन ठिकाणी घसरला आहे, आणि त्यांतली दुसरी घसरण ही त्यांची नसून आपल्या अध्यापनाची आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली बाब थोडक्यात सांगता येते. इथेनॉल आणि पेट्रोल यांचे मिश्रण आपल्या गाडीच्या टाकीत होत नाही. ते तेल कंपन्यांच्या डेपोतच होते आणि पंपावरचे यंत्र तयार मिश्रण मोजून देते. मिसळताना आकारमान घटो वा वाढो, ग्राहकाच्या टाकीत पडणारे लिटर हे मिश्रणाचेच लिटर असते. घट झालीच, तर तिचा फटका मिसळणाऱ्याला बसेल, विकत घेणाऱ्याला नव्हे.

दुसरी बाब अधिक रंजक आहे: येथे मुळात घट होतच नाही. पेट्रोल व इथेनॉल एकत्र केल्यावर आकारमान किंचित, टक्क्याच्या लहानशा अंशाइतके, वाढते. हे अनेकांना पटणार नाही, कारण आपल्या मनात पाणी आणि अल्कोहोलचा प्रयोग पक्का बसलेला असतो. 20 अंश सेल्सिअसला 50 मिलिलिटर पाणी आणि 50 मिलिलिटर शुद्ध इथेनॉल एकत्र केले, तर 100 नव्हे, सुमारे 96.5 मिलिलिटर मिश्रण मिळते. वजन मात्र तेवढेच, जवळपास 90 ग्रॅम, राहते; द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाला कोठेही बाध येत नाही, कारण अक्षय्य असते ते वस्तुमान, आकारमान नव्हे. दिमित्री मेंडेलीव्ह यांनी 1865 साली डॉक्टरेटसाठी सादर केलेला प्रबंध याच विषयावर, म्हणजे अल्कोहोल आणि पाणी यांच्या संयोगावर होता, आणि सर्वाधिक आकुंचन अल्कोहोलच्या एका रेणूमागे पाण्याचे तीन रेणू असताना होते, असे त्यांनी त्यात नोंदवले. (व्होडकातील 40 टक्के अल्कोहोलचे प्रमाण त्यांनीच ठरवले, ही गोष्ट सर्रास सांगितली जाते, तिला आधार नाही.)

करोनाकाळात ज्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीनुसार सॅनिटायझर तयार केले, त्यांना हे आकुंचन नकळत भेटलेले आहे. त्या कृतीत 96 टक्क्यांचे इथेनॉल 8333 मिलिलिटर, हायड्रोजन पेरॉक्साइड 417 मिलिलिटर आणि ग्लिसरॉल 145 मिलिलिटर घ्यायला सांगितले आहे. बेरीज 8895 होते, म्हणून उरलेले 1105 मिलिलिटर पाणी मोजून ओतावे, असे कोणालाही वाटेल. पण कृतीत पाण्याचे माप दिलेलेच नाही; 10 लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरावे, एवढेच म्हटले आहे. जो 1105 मिलिलिटर मोजून थांबेल, त्याचे द्रावण खुणेच्या खालीच राहील.

आता अध्यापनाच्या दोषाकडे वळतो. हे आकुंचन समजावताना आपण बहुतेक वर्गांत सांगतो की, गव्हाच्या पायलीत मोहरी ओतली तर ती दाण्यांमधल्या फटींत जाऊन बसते, तसेच लहान रेणू मोठ्या रेणूंच्या मधल्या जागेत शिरतात. दृष्टान्त मुलांना चटकन पटतो आणि म्हणूनच तो घातक आहे. गहू आणि मोहरी एकत्र केल्याने पायली गरम होत नाही. पाणी आणि अल्कोहोल एकत्र केल्यावर मोजपात्र हाताला स्पष्ट कोमट लागते. याचा अर्थ, येथे केवळ फटी भरण्याचे काम चाललेले नसून रेणूंमधली जुनी आकर्षणे तुटून नवी जुळत आहेत. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांमुळे परस्परांशी सैलशा, पोकळ रचनेत बांधलेले असतात. भरपूर शुद्ध इथेनॉलमध्ये 18 मिलिलिटर पाणी घातले, तर एकूण आकारमान फक्त सुमारे 14 मिलिलिटरने वाढते, कारण चहूबाजूंनी इथेनॉलने वेढलेल्या पाण्याच्या रेणूला ती पोकळ रचना टिकवता येत नाही.

मोहरीच्या दृष्टान्ताची खरी फजिती मात्र प्रसरण पावणाऱ्या मिश्रणांपाशी होते, कारण दोन धान्ये मिसळून माप वाढल्याचे कोणी पाहिलेले नाही. बेंझीन आणि सायक्लोहेक्झेन समप्रमाणात मिसळले, तर 100 मिलिलिटरमागे सुमारे 0.65 मिलिलिटर वाढ होते. बेंझीनच्या चपट्या रेणूंचे आपसांत जे जुळते, ते मध्ये सायक्लोहेक्झेन आल्याने बिघडते. त्याच्या मोबदल्यात तेवढेच बळकट नवे आकर्षण मिळत नाही, रेणू थोडे दूर सरकतात आणि मिश्रण काही अंशांनी गार पडते. येथे घाई करणाऱ्याची फसगत ठरलेली आहे: गार पडल्यामुळे होणारे आकुंचन मूळ प्रसरण जवळजवळ झाकून टाकते आणि मिश्रण पुन्हा खोलीच्या तापमानाला आल्यावरच खरी वाढ दिसते. उलट बेंझीन आणि टोल्युइन ही जोडी एकमेकींशी इतकी मिळतीजुळती आहे की त्यांच्या मिश्रणात नाव घेण्याजोगा बदल होत नाही. आकुंचन, प्रसरण आणि जैसे थे, या तिन्ही शक्यतांपैकी एकच वर्गात दाखवल्यावर विद्यार्थी तिचा नियम करून बसला, तर दोष त्याचा कसा म्हणावा?

पेट्रोल हे हायड्रोकार्बनांचे, म्हणजे केवळ कार्बन आणि हायड्रोजन असलेल्या संयुगांचे मिश्रण आहे. इथेनॉलचे रेणू परस्परांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेले असतात. पेट्रोलमध्ये ते विखुरले की त्यांतील काही बंध तुटतात, आणि हायड्रोकार्बनांना तसे बंध जोडता येत नसल्याने भरपाई होत नाही. म्हणून येथे प्रसरण होते. तेव्हा पत्रलेखकांनी पाण्याकडे पाहून पेट्रोलबद्दल काढलेला निष्कर्ष नेमका उलट्या दिशेचा आहे.

राहता राहिले ते 30 मिलिलिटर. हा आकडा मिश्रणातून निघत नसला, तरी आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यातून निघू शकतो. पेट्रोल तापमानाच्या दर अंशाला साधारण 0.1 टक्का प्रसरण पावते. 15 अंशांवरचे 1000 मिलिलिटर 45 अंशांवर सुमारे 1030 मिलिलिटर भरते. तापलेले लिटर घेणाऱ्याला वजनाने कमी इंधन मिळते, हे खरेच आहे. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असल्याने मे महिन्यातल्या दुपारीही प्रत्यक्ष फरक यापेक्षा बराच कमी पडतो. तरी मिश्रणाने होणाऱ्या बदलापेक्षा तो मोठाच असतो. पंपावर घनता 15 अंशांना रूपांतरित करून लिहिली जाते ती याच कारणाने. ज्यांना मापाचीच शंका आहे, त्यांनी वैधमापन यंत्रणेचा शिक्का असलेले 5 लिटरचे माप मागून खात्री करून घ्यावी. तो त्यांचा हक्क आहे. आणि ज्यांची तक्रार गाडी कमी अंतर धावते अशी आहे, त्यांनी आकारमानाऐवजी उष्मांकाकडे पाहावे. लिटरमागे इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते, त्यामुळे 20 टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे 6 ते 7 टक्के ऊर्जा कमी भरते. वाद घालायचा असेल तर तो येथे घालण्याजोगा आहे.

शहरातील विज्ञान शिक्षकांना आणि रमण विज्ञान केंद्राच्या व्यवस्थापनाला माझी एक विनंती आहे. पाणी आणि स्पिरिट यांचा प्रयोग दाखवताना सोबत तराजू ठेवावा, म्हणजे वजन तेच आणि आकारमान कमी, हे एकाच वेळी दिसेल. मिश्रण थंड होऊन त्यातले हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत वाचन घेऊ नये. महाविद्यालयांत त्याच तासाला इथेनॉल आणि हेप्टेन (पेट्रोलमध्ये असणारे एक हायड्रोकार्बन) यांचे मिश्रण लांब, अरुंद मानेच्या चंबूत करून दाखवावे; वाढ अर्ध्या टक्क्याच्याही आत असल्याने रुंद मोजपात्रात ती दिसणार नाही, आणि तापमान स्थिर राखण्यासाठी चंबू पाण्याच्या पात्रात ठेवावा लागेल. हेप्टेन ज्वालाग्राही असल्याने जवळपास बर्नर नसावा. बेंझीन कर्ककारक आहे, त्याची माहिती फळ्यावरच द्यावी, आणि पेट्रोलवर असला प्रयोग घरी कोणीही करू नये.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
नागपूर