कृती छापताना मापही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की बालपुरवण्यांतून झाडाच्या घरगुती सजावटीच्या कृती येऊ लागतात. लॉलीपॉप, कागदात गुंडाळलेल्या गोळ्या, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची वाकडी काठी हे आकार मुलांचे अगदी लाडके. पण 'मैदा, मीठ व गरजेपुरते पाणी' एवढ्यावर कृती आटोपते. मग वस्तू तडकते आणि मुले हिरमुसतात.

प्रमाण असे: २ वाट्या मैदा, त्याच वाटीने १ वाटी बारीक मीठ आणि साधारण पाऊण वाटी पाणी. पाणी थोडे थोडे घालावे, गोळा हाताला चिकटेनासा झाला की थांबावे. जाड्या मिठाने वर खड्डे पडतात, गव्हाच्या पिठाने पांढरा पट्टा मळकट दिसतो. गोळा १० मिनिटे तरी मळावा, नाहीतर वळताना चिरा जातात. निम्म्या गोळ्यात लाल पोस्टर कलर मिसळावा. तो सैल झाला तर चिमूटभर मैदा लावून पुन्हा मळावा. दोन्ही रंगांच्या पेन्सिलीएवढ्या जाड, २० सेंमी लांब वळ्या करून एकमेकींना पीळ द्यावा. गुंडाळली की लॉलीपॉप, टोक वाकवले की काठी. जोडाला पाण्याचे बोट लावावे. दोऱ्याचे भोक ओलेपणीच, कडेपासून १ सेंमी आत, स्ट्रॉने पाडावे. वाळल्यावर पाडायला गेले की तुकडाच पडतो.

खरी गडबड वाळवताना होते. जाडी १ सेंमीच्या वर गेली की बाहेरून कडक, आतून ओले राहते आणि पुढे बुरशी येते. सांगली-मिरजेकडच्या डिसेंबरच्या उन्हात ३-४ दिवस, रोज उलटून वाळवावे. संध्याकाळी मात्र आत घ्यावे, कारण मीठ दवाचा ओलावा ओढते. ओव्हन असेल तर १०० अंशांवर २-३ तास ठेवावे. घाई करून आच वाढवली तर फुगे येतात. शेवटी मोठ्यांनी व्हार्निशचे दोन हात द्यावेत. नुसता फेविकॉल पावसाळी हवेत मऊ पडतो. घरात कुत्रा असेल तर या वस्तू त्याच्या तोंडाला लागू देऊ नयेत, एवढे मीठ त्याच्या जिवावर बेतू शकते.

गुंडाळलेल्या गोळीसाठी आकाशकंदिलाचा उरलेला जिलेटीन कागद छान. लिंबाएवढा रद्दीचा बोळा पांढऱ्या कागदात गुंडाळावा, म्हणजे छपाई दिसत नाही. वर २० बाय १५ सेंमीचा जिलेटीन कागद लावून दोन्ही टोके दोऱ्याने आवळावीत. हा कागद पीळ धरत नाही, हात सोडला की उलगडतो. पतंगी कागद पीळ धरतो, पण लहानग्यांच्या हातात फाटतो.

झाड म्हणून सुरूची फांदी लावली असेल तर मैद्याच्या वस्तू खोडाजवळ आणि कागदाच्या गोळ्या टोकांना टांगाव्यात. सुरूची टोके नाजूक असतात, वजनाने वाकतात आणि वस्तू घसरून फुटते. खऱ्या गोळ्या टांगायच्याच असतील तर २५ तारखेच्या सकाळी, वेष्टनासकट. आधी टांगल्या तर मुंग्यांची रांग लागते. गोळ्या वितळवून आकार करण्याची कृती तर मुलांसाठी छापूच नये. वितळलेली साखर कातडीला चिकटून खोलवर भाजते.

वाळायला ४ दिवस, व्हार्निशला एक असा हिशेब धरला तर २२ डिसेंबरला छापलेली कृती त्या वर्षी कामाला येत नाही. ती पहिल्या आठवड्यात छापावी. शेजारी काठीची आकृती प्रत्यक्ष मापात दिली, तर मुले तिच्यावरच वळी ठेवून बाक देऊ शकतील.

हस्तकला शिक्षिका, मिरज (जि. सांगली)