धुळीच्या कणाची बाजू

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. 'एवढ्या अफाट विश्वात आपण म्हणजे धुळीचा कण, कसली धडपड नि कसलं काय, सगळं फोल' असं लिहिलं आहेस. मला हे अजिबात पटलेलं नाही. फोनवर बोलायला गेलो तर तू मध्येच तोडशील, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझे आकडे बरोबर आहेत. सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशाला सूर्यापासून इथवर यायला 8 मिनिटं लागतात, आणि सूर्यानंतरच्या सगळ्यांत जवळच्या ताऱ्यापासून सव्वाचार वर्षं. व्हॉयेजर-1 यानाने 1990 च्या फेब्रुवारीत सुमारे 600 कोटी किलोमीटरवरून पृथ्वीचा फोटो काढला, त्यात आपण सगळे मिळून एक पिक्सेलसुद्धा भरलो नाही. मान्य. पण आकारावरून किंमत ठरवायची, हा कुठला न्याय? मग गुरू ग्रह आपल्यापेक्षा थोर म्हणायचा. वायूचा गोळा नुसता, पण त्यात 1300 पृथ्व्या मावतील. त्याच्यापुढे कुणी खजील झालेलं ऐकलंयस का?

विश्व मोठं आहे याचं मला फारसं नवल नाही. ते मोठं आहे हे आपल्याला कळलं कसं, याचं आहे. 1920 साली खगोलशास्त्रज्ञ जाहीरपणे वाद घालत होते, की देवयानी तारकासमूहातला तो पांढुरका डाग आपल्याच आकाशगंगेतला ढग आहे की बाहेरची स्वतंत्र दीर्घिका, म्हणजे दुसरी आकाशगंगाच. अंतर कळल्याशिवाय निकाल लागणार नव्हता, आणि तिथवर पट्टी लावणार कोण?

पट्टी तोवर तयार झालेली होती. हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट नावाची बाई आभाळाच्या फोटोंच्या काचेच्या प्लेटा तपासायची. प्लेटेवरचं चित्र उलटं, म्हणजे आभाळ फिकट आणि तारे काळे ठिपके. भिंग लावून ती एकेक ठिपका आधीच्या प्लेटेशी ताडून बघायची : मागच्यापेक्षा मोठा दिसतोय की बारीक? तिला ऐकू कमी यायचं, पण नजर अशी की असे रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे तारे तिने शेकड्यांनी हुडकले. 1912 साली त्यांतल्या 25 ताऱ्यांवरून तिने दाखवून दिलं, की ज्याचा उजळण्या-मंदावण्याचा फेरा लांब, तो तारा मुळातच जास्त तेजस्वी. म्हणजे फेरा मोजा, खरं तेज कळेल. खरं तेज आणि दिसणारं तेज यांतल्या फरकावरून अंतर निघेल.

पुढे 1923 च्या ऑक्टोबरात खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने देवयानीच्या प्लेटेवर एका ठिपक्याशी नवतारा म्हणून 'एन' अक्षर लिहिलं. मग जुन्या प्लेटा काढून बघितल्या आणि ते खोडून शेजारी 'व्हार!' लिहिलं, उद्गारचिन्हासकट. तो लेव्हिटच्या ताऱ्यांसारखा रूपविकारी निघाला होता. हबलचं उत्तर आलं सुमारे 9 लाख प्रकाशवर्षं. आज आपण 25 लाख धरतो, म्हणजे तो बराच कमी पडला, पण वाद मिटायला तेवढं पुष्कळ होतं. लेव्हिट 1921 मध्येच गेली होती. हे तिला बघायला मिळालं नाही याची मला उगाचच हळहळ वाटते.

आता मला सांग, त्या बाईची धडपड फोल होती? ज्या अफाटपणाने तू हबकला आहेस, तो कळायची वाट तिच्या त्या भिंगाखालूनच गेलेली आहे.

याच्या उलट टोकालाही मी जात नाही. 'आपण ताऱ्यांची लेकरं' वगैरे ऐकलं की मला जरा कंटाळाच येतो. रक्तातलं लोखंड ताऱ्यांमध्ये घडलं हे खरं, पण भिंतीतल्या खिळ्यातलंही तिथेच घडलं. विश्वाला आपलं काही पडलेलं नाही. ते 1380 कोटी वर्षांचं, आपली जात तीनेक लाख वर्षांची. आपण नव्हतो तेव्हा त्याचं काही अडलं नव्हतं. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह हजारोंनी सापडलेत, जीव मात्र अजून एकावरही सापडलेला नाही. कदाचित सापडेल. न सापडला, तर मोजमाप करणारे एवढे आपणच, या विचाराने मला धुळीच्या कणापेक्षा जास्त धास्ती वाटते.

एक काम कर. नोव्हेंबरात अमावास्येच्या आसपास, दिव्यांपासून लांब, दुर्बीण घेऊन जा. साधी दोन डोळ्यांची चालेल. भाद्रपदांच्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून ताऱ्यांची एक ओळ निघते, तिच्यातल्या मिरॅक या ठळक ताऱ्यापासून वायव्येला दोन फिके तारे ओलांड. दुसऱ्याच्या शेजारीच तो डाग आहे. रोखून बघू नकोस, नजर थोडी बाजूला ठेव, अंधूक उजेड डोळ्याच्या कडेला जास्त कळतो. तो उजेड निघाला तेव्हा आपली जात जन्माला यायची होती. त्यानंतरही फोल वाटलं तर खुशाल तसं लिही, पण या खेपेला कारणांसकट.

तुझाच,
मित्र