कुंभार्ली घाटातल्या त्या माणसांचे आभार

परवा रात्री कराडहून साखर भरून चिपळूणला उतरताना माझ्या भावाच्या दहाचाकीचे ब्रेक तापून लागेनासेच झाले, सेकंड गियरला होता म्हणून गाडी कशीबशी डोंगराच्या अंगाला घासून थांबली. मागच्या टेम्पोतल्या दोघांनी आधी चाकांना दगडांच्या उटी (अडसर) लावल्या, मग वरच्या वळणावर फांद्या टाकून टॉर्च दाखवत गाड्या थांबवल्या. ब्रेक लायनरचा (चाकाच्या ड्रमवर घासणाऱ्या पट्टीचा) जळका वास, धूर, कोणीतरी पाणी घेऊन धावलं तर एक वयस्कर ड्रायव्हरकाका ओरडले, "पाणी मारू नका, तापलेला ड्रम तडकेल!" (भरलेली गाडी उतारावर नुसत्या ब्रेकवर धरली की हेच होतं, नवीन पोरांनी लक्षात ठेवा.) ड्रम थंड होईस्तोवर काका थांबले नि नाव न सांगताच गेले. वहिनी, पोरं, आम्हा सगळ्यांकडून तुमचे मनापासून आभार, चिपळूणला आलात तर हक्काने जेवायला या.