पासपोर्ट एकच आहे साहेब, ऑस्टिनला पाठवू की मुंबईला दाखवू?

प्रति,
श्री. स्कॉट बेसंट,
ट्रेझरी सेक्रेटरी, अमेरिका

साहेब, नमस्कार.

हेच पत्र इंग्रजीत तुमच्या खात्याकडे वेगळं पाठवलंय, त्यामुळे हे मराठीतलं तुम्ही वाचाल अशी काही माझी समजूत नाही. पण माझ्यासारखी बरीच मराठी मंडळी दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की, जोडीदार भारतात असताना अमेरिकेचं टॅक्स रिटर्न कसं भरायचं, याच घोळात सापडतात आणि फॅमिलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकमेकांना भलते सल्ले देत बसतात, म्हणून म्हटलं एकदा उघडच लिहू.

मी अमेरिकन सिटिझन, न्यू जर्सीत नोकरी करते. नवरा भारतीय, नाशिकला असतो, सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. लग्न २०२५ मध्ये झालं, आय-१३० (नवऱ्याला अमेरिकेत आणायचा अर्ज) भरलाय, फी भरलीये, आता वाट बघणं चालू आहे. त्याबद्दल तक्रार नाही, ते खातंही तुमचं नाही. माझं म्हणणं टॅक्सपुरतं आहे आणि त्यातही नवऱ्याचा पासपोर्ट तपासण्याच्या एकाच गोष्टीपुरतं, पण ती गोष्ट समजायला आधी थोडा पाढा वाचावा लागेल.

तुमच्या नियमाने ३१ डिसेंबरला ज्याचं लग्न झालेलं असेल तो अख्ख्या वर्षासाठी विवाहित, मग लग्न जानेवारीत झालेलं असो नाहीतर नाताळात. माझा एक चुलत भाऊ टेक्सासला असतो, तो म्हणाला अगं तो इथे आलाच नाहीये ना अजून, मग सिंगल म्हणून भरून टाक की, कोण बघतंय. बघतंय ना! नवऱ्यासाठी मी आय-८६४ (त्याचा खर्च मी उचलेन असं हमीपत्र) भरणार, त्याला माझं टॅक्स रिटर्न जोडावं लागतं, आणि मुंबईत व्हिसाच्या इंटरव्ह्यूला बसलेल्या ऑफिसरच्या हातात एका बाजूला आमचं मॅरेज सर्टिफिकेट आणि दुसऱ्या बाजूला मी स्वतः सही करून दिलेलं, की मी अविवाहित आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी असा सल्ला ऐकला असेल तर कृपा करून विसरा.

मग राहिले दोन रस्ते. पहिला, विवाहित पण वेगळं रिटर्न. नवऱ्याच्या टॅक्सच्या नंबरच्या जागी एनआरए (नॉन-रेसिडेंट एलियन, म्हणजे अमेरिकेचा रहिवासी नसलेला परदेशी) अशी तीन अक्षरं टाकायची, झालं काम. दुसरा, जॉइंट, म्हणजे दोघांचं मिळून एकच रिटर्न. नवरा परदेशी असला, कधी अमेरिकेत पाऊल ठेवलेलं नसलं तरी बायको सिटिझन असेल तर दोघांनी मिळून लिहून द्यायचं की याला टॅक्सपुरता अमेरिकेचा रहिवासी धरा, आणि मग जॉइंट भरता येतं. कायद्यातच आहे ते, कलम ६०१३ चं 'जी' हे पोटकलम. चांगली सोय आहे, नाही म्हणत नाही.

फरक किती पडतो तो आकड्यातच सांगते. समजा एखादीचा पगार १,१०,००० डॉलर आणि नवऱ्याचं उत्पन्न शून्य. २०२५ साठी वेगळं रिटर्न भरलं तर स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० आणि फेडरल टॅक्स साधारण १५,६५० डॉलर. जॉइंट भरलं तर डिडक्शन ३१,५०० आणि टॅक्स ८,९४० च्या आसपास. म्हणजे जवळजवळ ६,७०० डॉलरचा फरक, आणि दोन्हीकडे बाई तीच, पगार तोच, नवरा तोच. ज्यांना नाशिक आणि जर्सी अशी दोन घरं चालवायची आहेत, विमानाची तिकिटं काढायची आहेत, त्यांना ६,७०० डॉलर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

आता जॉइंट भरायचं तर नवऱ्याचं जगभरातलं उत्पन्न दाखवायचं. दाखवतो ना, लपवायला आहे काय त्याच्याकडे! पण तुमचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि आमचं एप्रिल ते मार्च. भारतात कंपनी फॉर्म १६ देते जूनच्या मध्यावर, तुमची तारीख १५ एप्रिल. म्हणून बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा काढून बसायचं, तीन महिने एका आर्थिक वर्षातले, नऊ पुढच्यातले, आणि त्या नऊ महिन्यांचा भारतातला टॅक्स तर अजून ठरलेलाही नसतो. आमच्या स्लिपा बघून इथल्या सीपीएने (म्हणजे इथल्या सीएने) विचारलं की दर महिन्याला हे २०० रुपये कसले कापलेत आणि फेब्रुवारीत ३०० का. त्याला महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स समजावून सांगितला, वर्षाचे २,५०० व्हावेत म्हणून फेब्रुवारीत शंभर जास्त. तो बराच वेळ नुसता हसत होता.

पुढे पीपीएफ. भारतात त्याच्या व्याजावर टॅक्स नाही, सगळा मध्यमवर्ग त्याच भरवशावर पैसे टाकतो, पण जॉइंट भरलं की ते व्याज तुमच्याकडे करपात्र. आणि एसआयपी! दर महिन्याला पाच हजाराची साधी म्युच्युअल फंडातली एसआयपी, जाहिराती बघून सगळा महाराष्ट्र करतो ती, तुमच्या पुस्तकात पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपनी) होते आणि फॉर्म ८६२१ मागे लागतो. रक्कम लहान असेल आणि काही विकलेलं नसेल, डिव्हिडंड आलेला नसेल तर जॉइंटवाल्यांना ५०,००० डॉलरपर्यंत त्या फॉर्मातून सुटका आहे, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवा, उगाच घाबरून फंड विकू नका, विकलात तरच पंचाईत. पगाराचं म्हणाल तर फॉर्म २५५५ भरून तो वगळता येतो नाहीतर भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं. तेव्हा हे सगळं किचकट आहे पण करता येण्यासारखं आहे. रविवार जातात, भांडणं होतात, पण होतं.

अडतं ते नंबरपाशी.

जॉइंट रिटर्नला नवऱ्याचा नंबर हवा. सोशल सिक्युरिटी नंबर इमिग्रंट व्हिसा मिळून तो इथे आल्यावर मिळणार. तोवर आयटिन (सोशल सिक्युरिटी नंबर न मिळणाऱ्यांसाठीचा टॅक्सचा नंबर) काढायचा, त्यासाठी फॉर्म डब्ल्यू-७, तो रिटर्नला जोडून टेक्सासात ऑस्टिनला पाठवायचा, आणि सोबत ओरिजिनल पासपोर्ट, नाहीतर ज्या खात्याने पासपोर्ट दिला त्यांनीच सर्टिफाय केलेली कॉपी. नोटरीचा शिक्का चालत नाही. २०१२ च्या आधी चालायचा, पण आयटिनमध्ये बरेच घोटाळे निघाले म्हणून तुमच्या लोकांनी तो बंद केला, कारण पटण्यासारखं आहे. पण टॅक्सच्या सीझनमध्ये अर्ज केला किंवा अर्जदार परदेशात असला तर तुमच्याच सूचनांप्रमाणे ९ ते ११ आठवडे लागतात, आणि ६० दिवसांत कागद परत आले नाहीत तर फोन करा असंही त्यातच लिहिलंय. म्हणजे दोन महिने तरी पासपोर्ट टेक्सासात असणार असं धरूनच चालायचं.

आणि त्याच दोन महिन्यांत नवऱ्याला काय काय लागणार ते बघा. पोलीस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं, ओरिजिनल पासपोर्ट घेऊन. मुंबईत मेडिकल, ओरिजिनल पासपोर्ट घेऊन. बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू, तिथे तर पासपोर्टच द्यायचा असतो कारण व्हिसा त्याच्यातच लागतो. इंटरव्ह्यूची तारीख आपल्याला विचारून येत नाही. ती आली आणि पासपोर्ट ऑस्टिनमधल्या कुठल्यातरी ट्रेमध्ये पडलेला असला तर काय करायचं?

मला माहितीये तुम्ही काय म्हणाल, सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंट (तुमच्या खात्याने कागद तपासायला मान्यता दिलेले) आहेत, भारतातही आहेत, ते पासपोर्ट बघून तिथल्या तिथे परत देतात. खरंय. नवरा एकाकडे गेला होता नाशिकहून सुट्टी टाकून, त्याने फी सांगितली आणि वर पासपोर्ट आठवडाभर इथेच ठेवून जा म्हणाला. नवऱ्याने नमस्कार केला आणि आला परत. सगळे तसे नसतील, पण अनोळखी माणसाकडे पासपोर्ट ठेवायचा की नाही यावर ६,७०० डॉलर अवलंबून असावेत हे काही बरोबर नाही.

आता मुद्द्याचं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये तुमच्या काँग्रेसने पाथ कायदा केला, त्यात आयटिनचे नियम बदलले. त्यात परदेशात राहणाऱ्या माणसासाठी असं लिहिलंय की त्याने अर्ज पोस्टाने करावा, किंवा आयआरएसच्या (तुमच्या टॅक्स खात्याच्या) कर्मचाऱ्याकडे, किंवा अमेरिकन वकिलातीत वा कॉन्सुलेटमध्ये सेक्रेटरींनी नेमलेल्या माणसाकडे समक्ष जाऊन करावा. सेक्रेटरी म्हणजे तुम्ही. काँग्रेसने तुम्हाला मुंबईत माणूस नेमायची परवानगी दहा वर्षांपूर्वीच देऊन ठेवली आहे! डब्ल्यू-७ च्या सूचनांमध्ये सुद्धा एक ओळ आहे की परदेशातल्या वकिलातीत सर्टिफिकेशन मिळू शकतं, तिथे चौकशी करा. मिळू शकतं. चौकशी केल्यावर एका ठिकाणाहून उत्तर आलं की ही सेवा आमच्याकडे नाही, वेबसाइट बघा, आणि वेबसाइटवर लिहिलेलं की आमच्याकडे चौकशी करा.

भारतातल्या कुठल्याही नवऱ्याचा किंवा बायकोचा अमेरिकेचा इमिग्रंट व्हिसा मुंबईतच होतो, चंदीगडचा असो की कोचीचा. म्हणजे अख्ख्या देशासाठी एक इमारत. त्या इमारतीत पासपोर्ट खरा की खोटा हे ओळखणारी तुमच्या सरकारची माणसं रोज बसलेली असतात, बोटांचे ठसे घेण्यापासून लग्नाचे फोटो बघण्यापर्यंत सगळं करतात. त्यांच्यातल्याच एकाला तुमच्या सहीने नेमा. आय-१३० मंजूर झालेल्या नवरा-बायकोंनी अपॉइंटमेंट घ्यायची, पासपोर्ट आणि डब्ल्यू-७ दाखवायचा, त्याने बघून शिक्का मारायचा आणि पासपोर्ट हातात परत द्यायचा. नोटरीच्या कामाला कॉन्सुलेट एका शिक्क्याचे ५० डॉलर घेतं, तेवढे याचेही घ्या, कोणी कुरकुर करणार नाही. अपॉइंटमेंट मात्र इंटरव्ह्यूच्या आधी मिळू द्या, कारण इंटरव्ह्यू झाल्यावर त्या आयटिनचा उपयोग काय, नवरा इथे आला की सोशल सिक्युरिटी नंबर मिळणार आणि मग आयटिनची फाइल त्यात जोडून घ्या म्हणून तुम्हालाच आणखी एक पत्र लिहावं लागणार.

स्कॅन चालवा असं मी मागत नाही. पासपोर्टचा स्कॅन आम्ही व्हिसाच्या साइटवर अपलोड केलेला आहेच, एकाच सरकारच्या दोन खात्यांनी तो एकमेकांना दाखवावा असं मनात येतं, पण कायद्यात ओरिजिनल किंवा सर्टिफाइड कॉपीच म्हटलंय, ते बदलायचं तर काँग्रेसकडे जावं लागेल. माणूस नेमायला मात्र तुम्हाला कोणाला विचारावं लागत नाही.

आणि हे फक्त माझ्यासारख्यांचं नाही. सिटिझनच्या जोडीदाराला कोटा नसतो, आमचं आज ना उद्या होईल. ग्रीन कार्डवाल्यांच्या नवरा-बायकोंची रांग वेगळी, एफ-टू-ए ची, त्यांची वर्षं जातात. ती माणसं तितकी वर्षं एकतर जास्तीचा टॅक्स भरतात नाहीतर पासपोर्ट टेक्सासला पाठवून देवाचं नाव घेत बसतात.

या वर्षी मी वेगळंच रिटर्न भरतेय, एनआरए लिहून, जास्तीचा टॅक्स भरून. तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स (दुरुस्तीचं रिटर्न) भरून ते जॉइंट करून घेता येतं, तेव्हा नवरा आला की ते करणार आणि पैसे परत मागणार. तुमच्या माणसांना एकाच जोडप्याचं एकाच वर्षाचं रिटर्न दोनदा तपासावं लागेल. सातपूरच्या स्लिपाही तेव्हा जोडेन, फेब्रुवारीच्या तीनशेसकट.

आपली,
न्यू जर्सीतली एक करदाती, मूळची नाशिककर