अबोली जगवलीत, आजी

तीर्थस्वरूप आजी,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण मार्च संपत आला की कुणी ना कुणी मला विचारतंच, "उन्हाळ्यात तुझ्या कुंड्या जगतात कशा?" मी सांगते ते सगळं तुमचं असतं आणि ऐकणारे ते माझं समजतात. इतकी वर्षं ते मनाला लागून राहिलंय.

२०१६ चा लातूरचा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळ बंद, सगळी भिस्त टँकरवर. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बातमी देशभर गेली, पण आपल्या गल्लीतली घागरींची रांग होती तेवढीच राहिली. त्या शहरात मी लग्न होऊन दापोलीहून आलेली, तुमच्या वरच्या मजल्यावर राहणारी, आणि गच्चीवर तेवीस कुंड्या मांडून बसलेली. परसात विहीर असलेल्या घरात वाढले होते. पाणी मोजायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

लोकांना प्यायला पाणी नाही आणि मी झाडांना घालते, याची मला फार लाज वाटायची. म्हणून गल्ली झोपलेली असताना, भर दुपारी, तांब्या पदराआड घेऊन मी वर जायचे. झाडं तरीही माना टाकायची. मग मी आणखी एक तांब्या घालायचे.

तुम्ही एकदा पापड वाळत घालायला वर आलात आणि मला पाहिलंत. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही काहीच न बोलता जास्वंदीच्या कुंडीत बोट खुपसलंत, दुसऱ्या पेरापर्यंत. मग माझं बोट धरून तिथंच घातलंत. वरची माती भाजत होती, खाली मात्र चिखल होता, कढत चिखल. "कशाला ओतायलीस, पोरी? तहान नाही लागली तिला. उन्हानं मान टाकली. सांजेला बघ, उठंल." संध्याकाळी जास्वंद खरंच ताठ उभी होती. दुपारी मान टाकलेलं झाड आणि पहाटेही मान टाकलेलं झाड यांतला फरक मी त्या दिवशी शिकले. पाणी फक्त त्या दुसऱ्या झाडाला द्यायचं.

लाजेचं उत्तरही तुम्हीच दिलंत. "पाणी दोनदा वापरायचं. मग कुणाची बोलणी नाहीत." तांदूळ धुतल्याचं, भाजी धुतल्याचं, माठ विसळल्याचं, सगळं एका बादलीत. दिवसाकाठी ती बादली जेमतेम अर्धी भरायची. तेवढ्यावर तुम्ही गच्ची बसवलीत. कुंड्या तापलेल्या स्लॅबवरून उचलून विटांवर ठेवल्या, भिंतीच्या सावलीला एकमेकींना खेटून लावल्या, वर तुमचं जुनं लुगडं बांधलं. गावाहून उसाचं पाचट मागवून प्रत्येक कुंडीत चार बोटं जाड पसरलं. खत बंद, छाटणी बंद. "उन्हाळ्यात झाडाला नुसतं बसू द्यायचं," म्हणायचात.

आणि ती मडकी! अक्षय्य तृतीयेच्या बाजारात छोटी मडकी घेताना मी रंगवलेली उचलली, तर तुम्ही ती परत ठेवायला लावलीत. रंगवलेल्या मडक्याला घाम येत नाही. साधी, तांबडी, बिनरंगवलेली घ्यायची, गळ्यापर्यंत मातीत पुरायची, पाणी भरून वर खापरी झाकायची. माती कोरडी पडली की मडक्यातून ओढून घेते, ओली झाली की ओढणं आपोआप थांबतं. तुळशीवर मात्र तुम्ही वैशाखात लावतात तशी गळतीच लावलीत, मडक्याच्या बुडाला भोक आणि त्यात कापसाची वात. ती वात किती घट्ट पिळायची हे मला चार दिवस जमत नव्हतं. थेंब पडायचा तरी भराभर, नाहीतर पडायचाच नाही. तुम्ही शेजारी बसून मनात अंक मोजायचात, वीस झाले की एक थेंब पडायला हवा.

सगळ्यांत कठीण होतं ते निवडणं. "सगळी जगवायला गेलीस तर एकबी जगायचं नाही." मोगरा, कढीपत्ता, तुळस, जास्वंद, कोरफड, गवती चहा, अशा नऊ कुंड्या आपण ठेवल्या. गुलाब गेले, पुदिना गेला. अबोलीपाशी मी अडले. आईने दापोलीहून निघताना ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेलं रोप होतं ते. पण अबोलीला सतत ओल लागते, हे मलाही कळत होतं. मी कुंडी रिकामी करायला घेतली आणि मला रडू आलं. तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत आणि खाली निघून गेलात. मी समजले, माझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून नेलीत.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी तुम्ही ती कुंडी घेऊन वर आलात. अबोली हिरवीगार होती, तीन कणसं फुललेली, खालची वाळलेली. ही जगली कशी, ते तुम्ही सांगितलं नाहीत. तुमच्या सुनेने सांगितलं. दोन महिने तुम्ही अंगाला साबण लावला नव्हता, डाळीच्या पिठाने आंघोळ करत होतात, घमेल्यात बसून, म्हणजे ते पाणी माझ्या अबोलीला घालता यावं.

आजी, तेव्हा मी तुम्हाला नुसता वाकून नमस्कार केला. बोलायला शब्द आले नाहीत, ते आज लिहितेय. माझ्या माहेरची एक गोष्ट तुम्ही तुमच्या वाट्याच्या पाण्यातून जगवलीत. मी आयुष्यभर तुमची ऋणी आहे.

त्या अबोलीची वाळकी कणसं पावसाचा थेंब लागला की अजूनही तटतट फुटतात आणि बी लांब उडतं. यंदा मी आधीच खाली फडकं अंथरून बी गोळा केलंय. पुडी बांधून ठेवली आहे. मृगाच्या आधी घेऊन येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची पोर