एझर्ड चार्ल्सचे नाव यादीत का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत आपण सर्वकालीन थोर मुष्टियोद्ध्यांची यादी छापली. कोण कितव्या क्रमांकावर हवा होता, यावर भांडण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. माझी तक्रार तक्त्याबद्दल आहे. प्रत्येक नावापुढे तीनच रकाने होते : विजय, पराभव, नॉकआउट. कोणाविरुद्ध, हा रकानाच नव्हता. तो नसला की हेवीवेट या सर्वांत जड वजनगटाचा १९५० च्या सुमाराचा जगज्जेता एझर्ड चार्ल्स याच्यासारखा माणूस यादीत येणार नाही, हे उघड आहे. पंचविसाच्या आसपास पराभव असलेला खेळाडू अशा तक्त्यात पहिल्याच चाळणीत गळतो. मला त्याचे फार वाईट वाटले, आणि म्हणूनच हे पत्र.

शंभर मीटर धावायला किती सेकंद लागले हे घड्याळ सांगते. शेजारच्या पट्ट्यात कोण धावत होते याने ती वेळ बदलत नाही. रिंगमध्ये असे घड्याळ नसते. तिथे मोजमाप एकच, समोरचा माणूस. कुस्तीतला जाणकार निकाल ऐकण्याआधी ‘जोड कोणाशी होती?’ असे विचारतो, तो याचसाठी. शिवाय व्यावसायिक मुष्टियुद्धात ही जोड सोडतीने ठरत नाही. व्यवस्थापक आणि प्रवर्तक ती ठरवतात. होतकरू मुलाचे नाव व्हावे म्हणून सुरुवातीच्या लढती बेताच्या खेळाडूंशी लावणे हा या धंद्यातला जुनाच रिवाज आहे. त्यात गैर काही नाही, शिकण्याचा तो मार्गच आहे. पण त्या विजयांचे वजन आणि पुढच्या विजयांचे वजन एकाच आकड्यात मिसळले की वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानो याचेच बघा. ४९ लढती, ४९ विजय, ४३ नॉकआउट. आपल्या यादीत तो अगदी वर आहे तो या आकड्यामुळे. आता त्या आकड्याच्या आत शिरू. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी त्याने माजी हेवीवेट जगज्जेत्या जो लुईला हरवले. नाव केवढे मोठे! पण तो लुई ३७ वर्षांचा होता, निवृत्तीनंतर कराच्या थकबाकीपायी रिंगमध्ये परतलेला. आठव्या फेरीत तो दोऱ्यांमधून बाहेर कोसळला आणि पुन्हा कधी लढला नाही. पुढच्या वर्षी मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटकडून जगज्जेतेपद घेतले, तेव्हा वॉलकॉट ३८ वर्षांचा होता. १९५५ च्या शेवटच्या लढतीतला आर्ची मूर चाळिशीच्या आसपास होता. म्हणजे तक्त्यातली सगळ्यांत मोठी नावे त्याला उतरत्या वयात भेटली.

एवढे म्हणून काही जण मार्सियानोला निकालात काढतात. तेही मला पटत नाही. वॉलकॉटबरोबरच्या त्या लढतीची चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल याची गणती नाही. पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हुकने मार्सियानो खाली जातो, कारकिर्दीत पहिल्यांदा. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर तो मागे आहे. तेराव्या फेरीत वॉलकॉट दोऱ्यांकडे सरकतो, दोघेही उजवा हात सोडतात आणि मार्सियानोचा आखूड ठोसा आधी पोहोचतो. वॉलकॉट पडतो तोही सरळ नाही. डावा हात दोरीत अडकून तो क्षणभर लोंबकळतो, मग गुडघ्यांतून खचतो. तो ३८ वर्षांचा असेल, पण त्या रात्री बारा फेऱ्या तो जगातल्या कोणाही हेवीवेटला भारी पडला असता. म्हणून प्रतिस्पर्ध्याचे वय लिहिले की काम संपत नाही. त्या रात्री तो कसा लढला, हेही पाहावे लागते.

मी स्वतः एक वही ठेवली आहे. एखाद्या मुष्टियोद्ध्याच्या लढती उतरवताना प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढे त्याचे वय, वजन, त्याआधीच्या वर्षात तो कोणाशी लढला आणि त्यानंतर त्याचे काय झाले, एवढे लिहितो. ‘त्यानंतर’ हा रकाना मी खूप उशिरा घातला आणि त्याने माझी बरीच मते बदलली. फ्लॉइड मेवेदरने २०१३ मध्ये हरवलेला सॉल ‘कॅनेलो’ अल्वारेझ तेव्हा २३ वर्षांचा होता आणि पुरता घडलेला नव्हता. पुढे तोच सुपर मिडलवेट गटाचा निर्विवाद विजेता झाला. हा विजय त्या रात्री जेवढा दिसला त्याहून मोठा की अल्वारेझ कच्चा होता म्हणून लहान? मला दोन्ही बाजू पटतात, आणि अजून उत्तर ठरलेले नाही.

मेवेदरच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मनाला लागते. त्याचे ५० विजय असे आपण ठळक छापले आहे. पन्नासावा विजय २०१७ मधला, कॉनर मॅकग्रेगरवरचा. मॅकग्रेगर दुसऱ्या खेळातला नामवंत, पण व्यावसायिक मुष्टियुद्धातली ती त्याची पहिलीच लढत! मार्सियानोचा आकडा ओलांडला गेला तो असा. उलट जानेवारी २००१ मध्ये मेवेदरने तोपर्यंत अपराजित असलेल्या डिएगो कोरालेसला पाच वेळा खाली पाडले, ती त्याच्या आयुष्यातली सर्वांत देखणी लढत असे माझे मत आहे. तक्त्यात दोन्ही विजय सारखेच, एकेक. मॅनी पॅकियाओशी त्याची लढत लागावी म्हणून जग पाच वर्षे वाट पाहत होते. ती झाली २०१५ मध्ये, एक ३८ चा आणि दुसरा ३६ चा असताना. नाव तेच, पण वर्ष उलटून गेलेले.

आता चार्ल्सकडे येतो. १९४२ च्या उन्हाळ्यात, अवघ्या वीस वर्षांचा असताना, त्याने चार्ली बर्लीला दोनदा हरवले. बर्ली कोण, हे आपल्या वाचकांना सांगायला हवे, कारण त्याला जगज्जेतेपदाची लढत कधीच मिळाली नाही. तो इतका चांगला होता की त्याच्या वाटेला जाऊन कोणाचाच फायदा नव्हता. याच बर्लीने १९४४ मध्ये आर्ची मूरला गुणांवर हरवले. आणि मूरला चार्ल्सने १९४६ ते १९४८ या काळात तीनदा हरवले, तिसऱ्यांदा नॉकआउटने. तो मूर अजून तिशीच्या आसपासचा होता. मार्सियानोला तो भेटला त्यानंतर सात वर्षांनी. जॉय मॅक्सिम पुढे लाइट हेवीवेटचा, म्हणजे हेवीवेटहून हलक्या वजनगटाचा, जगज्जेता झाला. त्याला चार्ल्सने एकूण पाच वेळा हरवले. जिमी बिव्हिन्स आणि लॉइड मार्शल यांच्याकडून १९४३ मध्ये तो हरला, पण पुढे दोघांनाही हरवून हिशेब चुकता केला. एवढे करूनही लाइट हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी त्याला एकदाही लढू दिले नाही. मग वजनाने आपल्याहून मोठ्या माणसांच्या हेवीवेट गटात जाऊन तो जगज्जेता झाला आणि १९५० मध्ये जो लुईला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवले.

आणि त्याचे ते पराभव? माझ्या वहीप्रमाणे त्यातले निम्म्याहून अधिक १९५५ पासूनचे आहेत, शरीर थकलेले असताना पोटासाठी लढलेल्या लढतींतले. त्याआधीच्या वर्षी, १७ जून १९५४ रोजी, तो मार्सियानोसमोर पूर्ण पंधरा फेऱ्या उभा राहिला. मार्सियानोसमोर हे दुसऱ्या कोणालाही जमले नाही. सप्टेंबरमधल्या दुसऱ्या लढतीत त्याने मार्सियानोचे नाक असे फाडले की लढत थांबते की काय अशी वेळ आली; आठव्या फेरीत मार्सियानोने त्याला बाद करून ती वाचवली. या दोन्ही लढती चार्ल्सच्या पराभवांच्या रकान्यात आहेत. पुढे एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजाराने तो अंथरुणाला खिळला आणि १९७५ मध्ये गेला. तक्त्यातला तो पंचविसाचा आकडा या माणसाबद्दल काय सांगतो?

एक शंका वाचकांच्या मनात येईल. मोठा प्रतिस्पर्धी मिळणे खेळाडूच्या हातात असते का? नसते, म्हणूनच नावे वाचताना इतिहासही वाचावा लागतो. सॅम लँगफर्ड १९०६ मध्ये जॅक जॉन्सनकडून हरला; पण जॉन्सन जगज्जेता झाल्यावर त्याने लँगफर्डला पुन्हा संधी दिली नाही आणि गोऱ्या विजेत्यांनी तर कृष्णवर्णीयांपुढे दारच लावून घेतले होते. मग लँगफर्ड, हॅरी विल्स, जो जेनेट, सॅम मॅकव्हे हे कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे एकमेकांशीच पुन:पुन्हा लढत राहिले. त्यांच्या यादीत तीच तीच नावे दिसतात म्हणून ती दुय्यम समजू नयेत. त्या काळातली सर्वांत कठीण जोड तीच होती.

याउलट १९८० ते १९८९ मध्ये शुगर रे लेनर्ड, रॉबर्टो डुरान, टॉमी हर्न्स आणि मार्व्हिन हॅगलर हे चौघे आपसांत नऊ वेळा लढले. चौघांपैकी एकही त्यातून अपराजित सुटला नाही. एकमेकांना टाळले असते तर चौघांचेही आकडे आज अधिक चकचकीत दिसले असते, आणि त्यांच्याबद्दल इतक्या आदराने बोलायला आपल्याकडे कारण उरले नसते.

अर्थात नावांची बेरीज-वजाबाकी करूनही भागत नाही. जॉर्ज फोरमनने जो फ्रेझरला १९७३ मध्ये दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले, पुढच्या वर्षी केन नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवले. महंमद अलीला याच फ्रेझरशी तीन लढतींत ४१ फेऱ्या आणि नॉर्टनशी ३९ फेऱ्या झुंजावे लागले, दोघांकडून तो एकेकदा हरलाही. हिशेबाने फोरमन अलीला सहज हरवायला हवा होता. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात आठव्या फेरीत अलीनेच फोरमनला बाद केले, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे सरकत येणारा फ्रेझर फोरमनच्या ठोशांच्या टप्प्यात आयता येत होता, अली येत नव्हता. शैलीला शैली कशी भिडते हे बघितल्याशिवाय नावाचे वजनही कळत नाही.

माझी विनंती साधी आहे. पुढच्या वेळी अशी यादी कराल तेव्हा प्रत्येकापुढे त्याने हरवलेल्या आणि त्याला हरवलेल्या पाच मोठ्या प्रतिस्पर्ध्यांची नावे द्यावीत, प्रत्येक नावापुढे लढतीचे वर्ष आणि त्या दिवशीचे प्रतिस्पर्ध्याचे वय. जागा अपुरी पडत असेल तर नॉकआउटचा रकाना काढून टाकला तरी चालेल. चार्ल्सची पाच नावे निवडताना अडचण येईल, कारण मूर, बर्ली, लुई, वॉलकॉट आणि मॅक्सिम लिहून झाले की बिव्हिन्स आणि मार्शल बाहेर राहतात.

कळावे,
आपल्या क्रीडा पुरवणीचा नियमित वाचक