जाताना शीड, येताना पंखा

पुणे,
फेब्रुवारी अखेर

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू जे विचारलंस त्याला मी 'सांगतो रे सविस्तर' म्हणून बगल दिली, कारण मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या आणि तूही गाडी चालवत होतास. आज निवांत आहे. तुझा प्रश्न असा की, मुंबईहून मालवणला शिडाच्या होडीने रखडत गेलास आणि येताना विमानाने तासाभरात आलास, हे उलटं नाही का झालं? जाताना पटकन जावं, येताना मजेत यावं. आईचंही हेच म्हणणं. तिच्या मते तर होडीचे पैसे वाचवून दोन्ही वेळा विमानाने गेलो असतो तर डोक्याला ताप कमी झाला असता.

पण उलटं करता येत नाही, बंड्या. वारा करू देत नाही.

शाळेत भूगोलाच्या पेपरात आपण 'खारे वारे व मतलई वारे' यावर टीप लिहायचो, आठवतं? आकृती काढायची, बाण दाखवायचे, दोन मार्क खिशात. ती टीप मी या वयात पहिल्यांदा अंगावर घेतली. दिवाळीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत आपल्या किनाऱ्यावर रोजचा एक परिपाठ असतो. दुपार झाली, जमीन तापली, की समुद्रावरून वारा सुटतो आणि तो बहुतेक वायव्येचा असतो. मुंबईहून मालवण दक्षिणेला. म्हणजे वारा तुमच्या उजव्या खांद्यामागून येतो, शीड फुगतं, होडी डावीकडे थोडी कलते आणि चालू लागते. याच वाऱ्यात मालवणहून मुंबईकडे निघालास तर तो नाकासमोर. शिडाच्या होडीला वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरून एकदा इकडे, एकदा तिकडे, असं नागमोडी जावं लागतं. मुंबई ते मालवण सरळ मोजलं तर पावणेदोनशे सागरी मैलांच्या आसपास. नागमोडी गेलास की तेच जवळजवळ दीडपट होतं, आणि वर समोरून लाटांचे तडाखे. म्हणून आमचे काका (होडी त्यांची, जन्म व्यापारी जहाजांवर गेलेला, बोलणं मोजकं) आम्हाला मालवणात उतरवून पुढे गोव्याला गेले. होडी वर आणतील ती एप्रिल-मेमध्ये, पहाटेच्या पडलेल्या वाऱ्यात, चक्क इंजिन लावून. तेव्हा आपल्यासारख्याने तिथे नसणंच बरं.

निघालो गेटवेसमोरून. पुणेकराला समुद्र म्हणजे खडकवासल्याची चौपाटी, कणीस आणि कांदाभजी. त्यामुळे पहिले दोन तास मी नुसता कठडा धरून बसलो होतो. काकांनी हातात एक दोर दिला आणि म्हणाले, "धर. शीड फडफडायला लागलं की ओढ, गप्प झालं की सोडून बघ." एवढंच शिक्षण. दोर ओला, मिठाने कडक, तळहाताला खरखरीत. शीड फडफडलं की तो आवाज पार छातीत जातो. दोर वीतभर ओढला की आवाज एकदम थांबतो आणि त्याच क्षणी पायाखाली होडी पुढे सरकल्याचं जाणवतं. मला हा खेळ इतका आवडला की जेवायला उठवावं लागलं.

खांदेरी उजव्या हाताला ठेवून गेलो. तिथला दीपस्तंभ १८६७ चा. पण मला सांगायचंय ते १६७९ चं. महाराजांनी त्या बेटावर तटबंदी सुरू केली, आणि इंग्रज आणि सिद्दी दोघेही ती बंद पाडायला आरमार घेऊन आले. इंग्रजांची गलबतं मोठी, तोफा मोठ्या. तरीही थळ-नागावच्या बाजूने आपली लहान होडकी रात्री दाणागोटा घेऊन बेटावर पोचतच राहिली. आपण हे शाळेत वाचलं ते शौर्य म्हणून, आणि ते होतंच. पण तिथे वाऱ्याशिवाय तासभर डुलत बसल्यावर त्यातली दुसरी गोष्ट कळते. वारा पडला की मोठं गलबत म्हणजे नुसतं ओझं. वल्ह्यांवर चालणारी, उथळ पाण्यातून सुटणारी होडी तेव्हा राजा. महाराजांच्या आरमारातली मायनाक भंडारी, दौलतखान ही माणसं त्या पाण्याचा तास न् तास ओळखत असणार.

वारा पडतो तो वेळ मात्र वाईट. रात्री जमिनीवरून येणारा मतलई वारा सकाळी नऊ-साडेनऊला संपतो आणि खारा वारा दुपारशिवाय धरत नाही. मधल्या वेळात शीड ओल्या धोतरासारखं लोंबतं, लाट मात्र चालू असते, आणि होडी जागच्या जागी या कुशीवरून त्या कुशीवर. गणपतीपुळ्यासमोर माझं जे काही व्हायचं ते झालं. तपशील देत नाही. क्षितिजाकडे बघ, आल्याचा तुकडा चघळ आणि शक्य तर सुकाणू तूच हातात घे; ज्याच्या हाती सुकाणू त्याला बोट कमी लागते, हा अनुभव आहे.

भरतीचं गणित तुला आवडेल, तू आकडेमोड्या. केबिनमध्ये कालनिर्णय टांगलेलं होतं. मला वाटलं एकादशी-चतुर्थीसाठी असेल. काका म्हणाले, तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. कोळी हे पिढ्यान् पिढ्या करतात. मी मोबाईलवरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. मुंबईच्या आसपास थोडाफार फरक सोडला तर जमतं. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो, त्याच्यामागे भरती, इतका सरळ हिशेब. आणि खाडीत शिरायचं तर हा हिशेब लागतोच, कारण कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे बांध असतात. पाणी चढत असतानाच आत जायचं. चुकून टेकलं तरी चढतं पाणी उचलून घेतं. ओहोटीत टेकलं तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच मुक्काम.

आणखी एक गंमत. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढ-उतार करतं. खाली मालवणात ते जेमतेम निम्मं. एकच समुद्र, एकच चंद्र. पण मुंबई-गुजरातसमोर समुद्राचा तळ फार लांबवर उथळ आहे आणि पुढे खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, त्यामुळे तिकडे पाणी चढतं. दक्षिणेकडे उथळ पट्टी अरुंद होत जाते. याचा परिणाम आमच्या दिनक्रमावर झाला. दिघी, हर्णै, दाभोळपर्यंत काका घड्याळ आणि तिथी बघून चिडचिडे असायचे. जयगड सोडलं तसे मवाळ झाले.

रात्रीची खरी भीती दगडांची नसते, जाळ्यांची असते. रायगडच्या पाण्यात डोलजाळी रोवलेली, पुढे मैलोन्‌मैल पसरलेली वावरी जाळी, आणि त्यांच्या खुणा म्हणजे काय तर प्लॅस्टिकचा कॅन किंवा थर्माकोलचा तुकडा, काळ्या पाण्यात काळा. कुणीतरी एकाने पुढच्या टोकाला बॅटरी घेऊन बसायचंच. हर्णैच्या अलीकडे माझी पाळी होती. समोर अंधारात अचानक एक बॅटरी पेटली, दोनदा डावीकडे हलली आणि मागोमाग अशा शिव्या आल्या की त्यातल्या दोन मला नवीन होत्या. आम्ही डावीकडे वळलो. पन्नास-साठ फुटांवरून त्यांची होडी गेली. चौघे-पाचजण, एक पोरगा स्टोव्हवर काहीतरी परतत होता, तेलात तळलेल्या लसणीचा वास आमच्यापर्यंत आला. शिव्या देणाऱ्यानेच मग विचारलं, कुठून आलात? पुणे म्हटल्यावर ते सगळे हसले. का हसले ते मी विचारलं नाही.

त्याच रात्री उशिरा मतलई सुटला. आधी गार झुळूक आणि मग वास: भाजावळीचा धूर, शेण, सुकं गवत. किनारा दिसत नव्हता, एकही दिवा नव्हता, पण जमीन कुठल्या बाजूला आहे हे नाकाला कळत होतं.

जंजिऱ्याचं एक सांगायचं राहिलं. समुद्राकडून जाताना त्याचा दरवाजा दिसतच नाही, तो राजपुरीकडे तोंड करून आहे. नुसते बुरूज. पलीकडे पद्मदुर्ग, मराठ्यांनी जंजिऱ्याला शह द्यायला बांधलेला. काका म्हणाले, गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, जागतिक वारशाच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही आपल्या वाटेवर. चौघांना मी पाण्यातूनच पाहिलं, त्यामुळे तिकीट, गाईड, सेल्फी काही नाही. विजयदुर्गाच्या खाडीत मुक्काम होता, वाघोटनच्या मुखात. आंग्र्यांचं आरमार इथे का राहायचं ते आत शिरल्यावर दोन मिनिटांत कळतं: बाहेर लाट, आत पाणी तळ्यासारखं. तुझ्यासारख्या किल्लेवेड्याने तरी किल्ला एकदा समुद्राच्या बाजूनेच बघावा. जमिनीवरून आपण त्याची पाठ बघत असतो.

एका बंदरात पोलिसांनी थांबवलं. पांढरं शीड बघून त्यांना आम्ही परदेशी वाटलो असणार. कागद बघितले, आधारकार्ड बघितली, मग "पुण्याहून हे करायला येता?" असा सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारून सोडून दिलं. २६/११ नंतर हे ठीकच आहे, पण चहा मिळाला असता तर जास्त आवडलं असतं.

आता विमान. मालवणहून कर्ली खाडी ओलांडून चिपीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, रिक्षाने गेलो. काळ्या जांभ्याचा उघडा सडा, त्यावर धावपट्टी, आणि इवलीशी इमारत. हा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. विमान म्हणजे एटीआर: दोन पंखे, सत्तरच्या आसपास खुर्च्या, आणि चढायचं शेपटीकडच्या दारातून, चार-पाच पायऱ्या. पंख वर असल्यामुळे खिडकीतून खाली बघायला काही आडवं येत नाही, हे मोठ्या विमानांपेक्षा सरस. सामान तपासणीत माझ्या बॅगेतले सोडे आणि सुका जवळा यांनी आपली ओळख स्वतःच करून दिली. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त बॅग लवकर पुढे ढकलली.

दुपारची वेळ, वायव्येचा तोच वारा. विमान धावपट्टीच्या समुद्राकडच्या टोकाकडे तोंड करून उभं राहिलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विमानाला उडायला समोरून वारा हवा असतो. पंखांवरून जितकी हवा वेगाने जाईल तितकी उचल, त्यामुळे समोरून वारा असेल तर धावपट्टी कमी लागते. म्हणजे ज्या वाऱ्याच्या तोंडावर होडीला एक इंच सरळ जाता येत नव्हतं, त्यालाच छाती देऊन हे यंत्र वर चढलं. काका तिथे असते तर मी त्यांना हे नक्की सांगितलं असतं आणि ते "हं" म्हणाले असते.

वर चढून उजवीकडे वळताना खाली सिंधुदुर्ग दिसला, नागमोडी तटासकट. डाव्या खिडकीत किनारा. देवगड, विजयदुर्गची खाडी, चकाकणारी पाण्याची जीभ आत घुसलेली. जिथे आम्ही एक अख्खी सकाळ डुलत काढली तो पट्टा चहाचा कप संपायच्या आत गेला. रत्नागिरीच्या पुढे धुरकं दाटलं, समुद्र दिसेनासा झाला आणि खाली सह्याद्री आला. कोयनेचं शिवसागर डोंगरांच्या बोटांत अडकलेलं. मग लोहगावला उतरताना सुखोई उभी दिसली, आणि मग रिक्षावाला. विमाननगरहून कोथरूडला पोचायला किती वेळ लागला हे मी लिहीत नाही, तुला पुणे माहीत आहे.

तर तू येणार का, एवढंच सांग. काका पुढच्या वर्षी जानेवारीत पुन्हा निघताहेत, एकाची जागा आहे. चिपीहून पुण्याचं विमान रोज नसतं आणि वेळा बदलत असतात, म्हणून तिकीट शेवटच्या दिवसाचं काढायचं नाही. वारा रुसला तर दोन दिवस हातात हवेत. चाकाची सुटकेस आणू नकोस, मऊ पिशवी आण. लोकरी टोपी आण, रात्री पाण्यावर थंडी हाडात शिरते. बाकरवडी मी घेतो. वहिनींना सगळं खरं सांग, गणपतीपुळ्याचा भाग सोडून.

आणि टिळक टँक सुटल्यापासून पाण्यात उतरला आहेस का कधी? नसशील तर नागपुरात एखादा तलाव बघ आणि उन्हाळाभर पोह. काका पहिलाच प्रश्न तो विचारतात, आणि त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही.

तुझा,
बापू

ता.क. सोडे अर्धे तुझ्यासाठी ठेवलेत. कुरिअरवाला घ्यायला तयार नाही. मार्चमध्ये येशील तेव्हाच ने.